खालच्या दोन सुळ्यांचं काय करायचं? एका कवळीचं प्रकरण

(ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे तपशील थोडे बदलले आहेत. तोंडातली परिस्थिती जशी होती तशीच मांडली आहे.)

पार्श्वभूमी

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या. आयुष्यभर वर्गात बोलण्याचं काम केलेल्या, पण त्या दिवशी तोंडावर रुमाल धरून बसलेल्या. बोलत होती ती मुलगी. "डॉक्टर, खालचे उरलेले सगळे काढून टाका आणि पूर्ण कवळी करून द्या. एकदाचा विषय संपू दे."

वरच्या जबड्यात नऊ वर्षांपूर्वीची पूर्ण कवळी होती. खाली पुढचे सहाच दात उरलेले: पटाशीचे चार आणि दोन्ही बाजूंना एकेक सुळा. दाढ एकही नाही. मागच्या दातांसाठी कधीतरी अर्धी कवळी करून घेतली होती, ती दोन महिने टोचली आणि मग कायमची डबीत गेली. डबीत राहणाऱ्या कवळ्यांमध्ये खालच्याच जास्त असतात. त्याचं कारण पुढे येईल.

मधुमेह बारा वर्षांपासून. अलीकडचा एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची चाचणी) ८.९, म्हणजे साखर आटोक्यात नव्हती.

तक्रार एक, दुखणं दुसरं

काकूंची तक्रार खालच्या हलणाऱ्या दातांची होती. पण मी वरची कवळी काढायला सांगितली तेव्हा त्या क्षणभर थांबल्या आणि मुलीकडे बघून म्हणाल्या, "तू जरा बाहेर बस गं." मुलगी बाहेर गेल्यावरच त्यांनी कवळी काढली. या प्रसंगाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. कळला असता तर पुढचे दोन महिने वाचले असते.

कवळीखाली टाळू लालभडक होता, आणि लाली बरोबर कवळीच्या आकाराची. ही बुरशीची बाधा. कवळी दिवसरात्र तोंडात राहिली की तिच्याखाली लाळ खेळत नाही आणि कॅन्डिडा नावाच्या बुरशीला आयतं घर मिळतं. टाळू दुखत नसल्यामुळे बहुतेकांना याचा पत्ताच नसतो. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना चिरा पडल्या होत्या.

दुसरी गोष्ट बोट फिरवल्यावर कळली. वरच्या जबड्याचा पुढचा भाग मऊ लागत होता, गादीसारखा. तिथलं हाड झिजून नुसती हिरडी उरली होती. वर पूर्ण कवळी आणि खाली फक्त पुढचे नैसर्गिक दात अशी जोडी वर्षानुवर्षं राहिली की हे होतं. खालचे दात वरच्या कवळीला पुढून ढोसत राहतात, कवळी मागून सुटते आणि पुढच्या हाडावर सगळा भार येतो. केली (Kelly) या दंतवैद्यांनी १९७२ साली या बदलांचं एकत्रित वर्णन केलं होतं.

तिसरी गोष्ट उंचीची, म्हणजे तोंड मिटल्यावर वरचा-खालचा जबडा एकमेकांपासून किती अंतरावर राहतो त्याची. आपण निवांत बसलो असताना वरच्या-खालच्या दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर फट असते. काकूंची फट ९ मिलिमीटर भरली. कवळीचे दात घासून सपाट झाले होते, खाली हाड बसलं होतं, आणि जबडा गरजेपेक्षा जास्त मिटत होता. हनुवटी नाकाकडे आल्यासारखी दिसणं आणि ओठांच्या कोपऱ्यात लाळ साचून चिरा पडणं, दोन्हीचं मूळ यातच होतं.

आणि पिशवीतून निघाली कवळी चिकटवायच्या क्रीमची ट्यूब. "दहा दिवसांत एक संपते," काकू म्हणाल्या. ही क्रीम वाईट नसते, पण वाटाण्याएवढी लावायची असते. नेहमीच्या आकाराची ट्यूब दोन्ही कवळ्यांना मिळून सात-आठ आठवडे पुरायला हवी. काही क्रीममध्ये जस्त असतं. ते फार दिवस भरमसाट पोटात गेलं तर शरीरातलं तांबं कमी होऊन नसांवर परिणाम झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत २००८ नंतर छापून आली आहेत. क्रीम वाढवावी लागते याचा अर्थ कवळी बसत नाही, एवढं घरच्यांनी ओळखलं तरी पुष्कळ.

वरची बसते, खालची का तरंगते

पर्यायांकडे जाण्याआधी हे मी मुलीला कागदावर काढून दाखवलं, कारण "वरची तर नऊ वर्षं चालली की" हा तिचा मुद्दा होता.

दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या की उचलायला जड जातात. वरची कवळी याच तत्त्वावर टाळूला धरून राहते. पूर्ण टाळू तिच्या हाताशी असतो, मध्ये लाळेचा पातळ थर असतो, आणि कडक टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथे मागची कड हवाबंद केलेली असते. खालच्या कवळीला यातलं फारसं काही मिळत नाही. ती घोड्याच्या नालाच्या आकाराची. टेकायला जागा वरच्या निम्मीच. मध्ये जीभ सतत हलणारी, बाजूला गाल आणि ओठ ढकलणारे, खाली तोंडाचा तळ प्रत्येक घोटाला वर येणारा.

त्यात हाडाची झीज. दात गेला की त्याला धरणाऱ्या हाडाचं काम संपतं आणि ते आक्रसत जातं, पहिल्या वर्षात सर्वाधिक. टालग्रेन या संशोधकांनी कवळी वापरणाऱ्यांचा पंचवीस वर्षं पाठपुरावा केला होता. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खालच्या जबड्याच्या हाडाची उंची वरच्याच्या सुमारे चौपट वेगाने घटलेली दिसली. म्हणजे मुळात कमी आधार असलेली बाजूच जास्त झिजते.

समोर असलेले पर्याय

मुलीचा पर्याय सोपा होता: सहाही दात काढायचे, वर-खाली नव्या पूर्ण कवळ्या. भेटी कमी, खर्च कमी. तोटा एकच, पण काढलेला दात परत लावता येत नाही अशा जातीचा.

सहाही दात ठेवून खाली नवी अर्धी कवळी करायची, हा दुसरा. पण पटाशीचे चार दात इतके हलत होते की ते वर्षभर टिकतील असं मला वाटत नव्हतं, आणि वरच्या जबड्याला पुढून बसणारे धक्के तसेच राहिले असते.

इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या धातूच्या स्क्रूवर) बसणारी कवळी हा तिसरा. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी असं मत मांडलं होतं की खाली एकही दात नसलेल्या जबड्यासाठी दोन इम्प्लांटवरची कवळी हाच पहिला पर्याय मानावा. मला ते पटतं. पण काकूंची साखर त्या वेळी शस्त्रक्रियेच्या योग्यतेची नव्हती. शिवाय हे दोन इम्प्लांट बसवायची नेहमीची जागा कोणती, तर सुळ्यांची! चांगलं घट्ट मूळ उपटायचं आणि तिथेच धातूचा स्क्रू बसवायचा, हे मला जमेना. चार किंवा जास्त इम्प्लांटवर पक्के दात हा आणखी एक मार्ग असतो. त्यावर काकू पहिल्यांदा ठामपणे बोलल्या: "एवढी चिरफाड मला नको."

उरला शेवटचा. दोन्ही सुळ्यांना एक्स-रेत अर्ध्याहून जास्त हाडाचा आधार दिसत होता. त्यांची रूट कॅनल करायची, वरचा भाग हिरडीच्या किंचित वर घुमटासारखा कापून बंद करायचा आणि मुळं जागेवर ठेवून त्यांच्यावरून पूर्ण कवळी बसवायची. मूळ आहे तोवर त्याच्या भोवतीचं हाड टिकतं. क्रम (Crum) आणि रूनी (Rooney) या संशोधकांनी १९७८ साली पाच वर्षांचे आकडे दिले होते. सुळ्यांची मुळं राखलेल्यांत खालच्या जबड्याचं पुढचं हाड सरासरी ०.६ मिलिमीटर झिजलं, सगळे दात काढलेल्यांत ५.२ मिलिमीटर. अभ्यास छोटा होता, तरी एवढा फरक डोळ्यांआड करता येत नाही. दुसरा फायदा जाणिवेचा. मुळाभोवतीच्या तंतूंमुळे घास किती कडक आहे, जबडा किती जोरात मिटतोय हे कळतं. नुसत्या हिरडीला ते तितकं कळत नाही.

मुलीने नेमका प्रश्न विचारला. "दात कापायचा, मूळ ठेवायचं आणि त्यावर झाकण घालायचं. मग ते मूळ आत किडणार नाही का?"

किडू शकतं. या उपचारात मुळं जातात ती बहुतेक किडीने किंवा हिरडीच्या आजाराने. रोज घासणं, कवळीच्या आत मुळांच्या जागी फ्लोराइड लावणं आणि ठरावीक काळाने दाखवायला येणं, एवढं जमणार असेल तरच हा मार्ग. काकूंनी रुमाल बाजूला ठेवला. म्हणाल्या, "माझे दोन दात तरी माझे राहतील ना? मग घासेन मी."

निर्णय तिथे झाला. मी सगळे आकडे सांगितले होते, पण त्यांनी निवड केली ती त्या "माझे"साठी.

काय केलं

सुजलेल्या हिरडीचं माप घेऊन केलेली कवळी सूज उतरली की सैल होते. म्हणून आधी टाळू बरा करायचा होता: बुरशीवरचं औषध, जुन्या कवळीत मऊ अस्तर आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवायची. तीन आठवड्यांनी बघितलं तर लाली जवळजवळ तेवढीच. औषध वेळेवर घेतलं होतं. "रात्री काढता ना?" "हो." मी औषध वाढवलं. आणखी तीन आठवडे गेले, फरक थोडासाच.

मग एकदा मुलगी बरोबर नसताना मी प्रश्न बदलला. कवळी काढताना घरात अडचण येते का? काकू बराच वेळ गप्प राहिल्या. नवऱ्याने आपल्याला नऊ वर्षांत एकदाही दातांशिवाय पाहिलेलं नाही, हे त्यांनी खाली बघत सांगितलं. मुलीनेही नाही. नातवंडं शेजारी झोपतात. त्या कवळी रात्री कधीच काढत नव्हत्या आणि मला दर वेळी "हो" म्हणत होत्या. पहिल्याच दिवशी मुलीला बाहेर पाठवलं होतं ते याचसाठी.

रात्री कवळी काढायला सांगण्यामागे टाळूपलीकडचंही कारण आहे. जपानमध्ये ८५ वर्षांवरच्या ५२४ जणांवर झालेल्या अभ्यासात (२०१५) कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. पण हे ऐकवून काकू बदलल्या नसत्या, घाबरून फक्त आणखी खोटं बोलल्या असत्या. आम्ही मध्यम मार्ग काढला. दुपारी घर रिकामं असतं तेव्हा दार लावून चार-पाच तास कवळी पाण्यात. झोपण्यापूर्वी साबण आणि मऊ ब्रशने घासायची (टूथपेस्टने नाही, तिने ओरखडे पडतात, उकळत्या पाण्यात तर नाहीच, अॅक्रिलिक वाकतं). रात्रीचा विचार त्यांनी त्यांच्या वेळेने करायचा. तीन आठवड्यांत टाळू गुलाबी झाला.

दरम्यान सुळ्यांची रूट कॅनल झाली. साखर थोडी खाली आल्यावर पटाशीचे चार दात काढले. पुढचे दात नसताना त्या एक दिवसही घराबाहेर पडणार नाहीत हे आता कळलं होतं, म्हणून डबीतली ती अर्धी कवळी कामाला आली. तिलाच चार दात जोडून काढलेल्या दिवशीच बसवली. जखमा भरून हिरडी स्थिरावायला तीन महिने दिले आणि मग सुळे कापून नव्या मापांना हात घातला.

वरच्या मऊ भागाचं माप घेताना काळजी घ्यावी लागते. नेहमीसारखं दाबून घेतलं तर गादी दबलेल्या अवस्थेत साच्यात उतरते आणि कवळी तोंडात गेल्यावर ती उसळून कवळीला ढकलते. म्हणून मापाच्या साच्याला त्या जागी खिडकी ठेवली, बाकीचं माप नेहमीसारखं घेतलं आणि खिडकीतून पातळ मसाला दाब न देता सोडला.

जिथे मी चुकलो

जबड्याची उंची ठरवताना पुस्तकाप्रमाणे फट ३ मिलिमीटरवर आणली. म्हणजे नऊवरून एकदम सहा मिलिमीटर उंची वाढवली. मेणात दात लावून दाखवले तेव्हा आरशात फरक थक्क करणारा होता. ओठ भरले, हनुवटी खाली गेली. मुलगी म्हणाली, "आई दहा वर्षांनी लहान दिसतेय." काकू हसल्या. मी खूश झालो आणि कवळ्या पक्क्या करायला पाठवल्या.

आठवड्याने तक्रारी सुरू झाल्या. गाल दुखतात. तोंड सतत भरल्यासारखं वाटतं. बोलताना दातांवर दात टकटक वाजतात. मी त्यांना साठपासून मोजायला सांगितलं. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... "स" म्हणताना दात अगदी जवळ येतात पण टेकायला नकोत. काकूंचे प्रत्येक आकड्याला टेकत होते, आणि सहासष्टला तर त्या अडखळल्याच. हे ऐकूनही मी म्हणालो, "नवीन आहे, सवय होईल." कवळीच्या धंद्यातलं हे सगळ्यात स्वस्त वाक्य. काही तक्रारी खरोखरच सवयीने जातात: लाळ जास्त सुटणं, परकेपणा, सुरुवातीचं बोबडेपण. चुकीची उंची सवयीने जात नाही.

तिसऱ्या आठवड्याला त्या वरची जुनी कवळी घालूनच आल्या. नवी जोडी पिशवीत. त्यांनी काही म्हटलं नाही, पण एका शिक्षिकेने उत्तरपत्रिका समोर ठेवावी तशी ती पिशवी टेबलावर ठेवली.

नऊ वर्षं हळूहळू बसलेल्या उंचीला जबड्याचे स्नायू सरावलेले असतात. ती एका दिवसात भरून काढायची घाई माझी होती. खालच्या कवळीचे दात उतरवून ३ मिलिमीटर खाली पुन्हा लावले. फट सहाच्या आसपास राहिली, पुस्तकाच्या दृष्टीने जास्त. काकूंनी मात्र न अडखळता सत्तरपर्यंत मोजलं.

पुढे काय झालं

नव्या खालच्या कवळीने पहिल्या दिवसांत दोन जागी टोचलं, ते दुसऱ्या दिवशीच्या आणि आठवड्यानंतरच्या भेटीत घासून काढलं. खायला आधी मऊ पदार्थ, छोटे घास, आणि एका बाजूने न चावता दोन्ही बाजूंनी एकदम. पुढच्या दातांनी तोडायचं नाही, कापून खायचं. हे शेवटचं काकूंना आजही आवडत नाही. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या एक चतुर्थांशापर्यंतच जातो, आणि मुळं ठेवल्याने त्यात थोडी भर पडते इतकंच. फळ अख्खं चावून खायची त्यांची इच्छा मी पुरी करू शकलो नाही.

सहा महिन्यांनी क्रीम बंद झाली. ओठांच्या चिरा भरल्या. वर्षाच्या शेवटी हिरडी बसल्यामुळे खालच्या कवळीला आतून नवं अस्तर लावावं लागलं. ते अपेक्षितच होतं. चौदाव्या महिन्यात उजव्या मुळाच्या कडेला कीड सापडली. त्याआधीची तपासणी त्यांनी चुकवली होती, घरात आजारपण होतं. कीड काढून मूळ पुन्हा बंद केलं. डावं मूळ उत्तम आहे. उजवं पुढे गेलंच, तर आता एचबीएवनसी ७.१ वर आहे आणि त्या जागी इम्प्लांट बसवण्याइतकं हाडही आहे. पहिल्याच दिवशी सहाही दात काढले असते तर हा रस्ता कदाचित अरुंद झाला असता.

पुन्हा करायचं झालं तर

उंचीची चाचणी जुन्या कवळीवर घ्यायला हवी होती. तिच्या दातांवर अॅक्रिलिकचा थर चढवून दोन मिलिमीटर वाढवायचे, दोन-तीन आठवडे वापरायला द्यायची, मग पुढचा थर. जमलं नाही तर घासून टाकता येतं. नव्या कवळीत चूक सापडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, आणि मला ते माहीतही होतं. आरशातल्या चेहऱ्याने मला भुलवलं.

मुळांवर आधीच धातूच्या टोप्या बसवाव्यात का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. टोपीने मुळाचा झिजण्यापासून बचाव होतो, पण कडेची कीड तिनेही टळते असं नाही. उजव्या मुळाच्या बाबतीत टोपीपेक्षा तपासणी चुकली तेव्हाचा एक फोन जास्त उपयोगी पडला असता. आता भेट चुकली की आमच्याकडून फोन जातो.

आणि तपासणीच्या कागदावरचा एक प्रश्न बदलला आहे. पूर्वी छापलेलं होतं, "रात्री कवळी काढता का?" त्याचं उत्तर बहुतेक वेळा "हो" यायचं. आता तिथे लिहिलं आहे, "कवळी काढलेली असताना तुम्हाला घरात कोणी पाहिलंय का?" आणि हा प्रश्न बरोबर आलेल्या माणसाला बाहेर बसवून विचारायचा असतो.